काकूंची रजा आणि चौदावा नियम

"दोन दिवसांत करून देतो," असं कॉम्प्युटरकाका म्हणाले, तेव्हा काकू युनिफॉर्मला इस्त्री करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात काकांचे 'दोन दिवस' त्यांच्या चांगलेच परिचयाचे झाले होते. न्हाणीघरातला गळका नळ दोन दिवसांचा होता आणि माळा आवरणं हेही दोनच दिवसांचं होतं. नळ अजून गळत होता, आणि माळ्यावर आता चढायलाही जागा उरली नव्हती.

पण या वेळी गोष्ट नळाची नव्हती, लेकीची होती. लेक दुसऱ्या गावी, दिवस भरत आलेले, जावई सतत फिरतीवर. "आई, तू तीन आठवडे ये. बाकी कुणी नको," असं तिनं फोनवर सांगितलं होतं, आणि काकूंनी 'बघते' म्हटलं होतं. हे 'बघते' लेक लहानपणापासून ऐकत आली होती. शाळेच्या स्नेहसंमेलनाला बघते, सहलीला बघते. त्यामुळे तिनं पुढे काही न बोलता फोन ठेवला, आणि काकूंना ते फार लागलं.

काकू इस्पितळातल्या बायकांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर. स्वतःला धरून एकोणीस सिस्टर, तीन पाळ्या, आणि कोण कधी येणार याचा महिन्याचा चार्ट. अठरा वर्षं तो काकू स्वतः करत आल्या होत्या, चौकटीच्या कागदावर, पट्टी, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन. तसा तो आगाऊ करून ठेवता आला असता. पण दर दोन दिवसांनी कुणी आजारी पडतं, कुणाची सासू पडते, आणि उरलेला सगळा चार्ट पुन्हा जुळवावा लागतो. ही जुळवाजुळव काकूंच्या डोक्यात होती, आणि डोकं मागे ठेवून रजेवर जाता येत नाही. मेट्रनबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "रजा देते, सिस्टर. पण तुमच्या मागे चार्ट अडायला नको." रजेला पाच आठवडे होते.

आता काकांविषयी दोन शब्द. पंचवीस वर्षांपूर्वी इमारतीत पहिला कॉम्प्युटर त्यांनी आणला म्हणून ते कॉम्प्युटरकाका. पुढे ते एका कंपनीत विभागप्रमुख झाले, आणि विभागप्रमुख झाल्यावर प्रोग्राम लिहायचे नसतात, प्रोग्रामांविषयी बैठका घ्यायच्या असतात. अकरा वर्षांत त्यांनी स्वतः एक ओळ लिहिली नव्हती. पण अलीकडे त्यांच्या ऑफिसात एजंट नावाचा प्रकार आला होता. त्याला साध्या भाषेत काम सांगायचं. तो स्वतःच प्रोग्राम लिहितो, स्वतःच चालवून बघतो, स्वतःच्या चुका स्वतःच निस्तरतो, आणि आपण नुसतं समोर बसायचं. काकांना ही कल्पना फार पटली. अकरा वर्षं ते माणसांबरोबर हेच करत आले होते.

शनिवारी सकाळी अंघोळ करून, चष्मा पुसून काका टेबलाशी बसले आणि त्यांनी लिहिलं, 'वॉर्डातल्या सिस्टरांचा ड्यूटी चार्ट तयार करणारा प्रोग्राम बनव.' वाक्य जरा तुटक वाटलं म्हणून शेवटी 'कृपया' घातलं, आणि खाली काकूंच्या चार्टवरची एकोणीस नावं उतरवली. वीस मिनिटांत प्रोग्राम हजर. त्यात प्रत्येकीला वेगळा पासवर्ड होता, गोल फिरणारे रंगीत आलेख होते, वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या आणि कोपऱ्यात उद्याचं हवामान होतं. काकांचा ऊर भरून आला. त्यांनी काकूंना हाक मारली.

काकूंनी हवामानाकडे पाहिलं नाही. त्यांनी चार्ट पाहिला.

"ही तीस दिवस रात्रपाळी करणार?"

"कोण?"

"ही. हिला रात्रपाळी द्यायचीच नाही. हिचा नवरा अंथरुणाला खिळलाय."

"ते त्याला कसं माहीत असणार?"

"अहो, सगळ्या वॉर्डाला माहीत आहे."

"तो वॉर्डात नाहीये."

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत?"

यावर काकांनी एजंटाला चार शब्द सुनावले. एजंट लगेच म्हणाला, 'तुमचं अगदी बरोबर आहे. चूक माझीच होती.' काकांनी ते वाक्य दोनदा वाचलं. घरात हे वाक्य त्यांच्या वाट्याला पूर्वी कधी आलेलं नव्हतं. त्या क्षणापासून एजंटावर त्यांचा जीव जडला, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही.

काकांच्या घराचं दार दिवसा उघडं असतं, त्यामुळे बातमी जिन्यानं वर गेली आणि सल्ले जिन्यानं खाली आले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "लेखी सूचना द्या. तोंडी सूचना कुणी पाळत नाही." समोरचे ठेकेदार, ज्यांनी निम्मी गल्ली बांधली होती, ते म्हणाले, "कामाला लावलेल्या माणसाशी गोड बोलायचं नाही, डोक्यावर बसतो." एजंटानं प्रत्येक कामाआधी वाचायची म्हणून सूचनांची एक फाइल असते. काका भिडस्त माणूस. त्यांनी दोघांच्याही सूचना त्यात घातल्या. हेडमास्तरांनी सांगितलं, प्रत्येक कामाआधी उद्देश सविस्तर लिहावा. ठेकेदारांनी सांगितलं, लिहिण्यात वेळ दवडू नये. आठवड्याभरात सूचना अकरा पानांच्या झाल्या. एजंट बिचारा त्या सगळ्या वाचायचा, अकराव्या पानावर पोचेपर्यंत त्याला पहिलं पान आठवत नसायचं, आणि मग तो दोघांचीही माफी मागून तिसरंच काहीतरी करायचा.

तरीही काम पुढे सरकत होतं. काकूंकडून काकांनी एक नियम मिळवला होता: आज रात्रपाळी केली तिला उद्या सकाळपाळी नाही. हा नियम मोडला तर लाल दिवा लागेल अशी एक टेस्ट त्यांनी एजंटाकडून लिहून घेतली. दोन दिवस लाल दिवा लागत राहिला. तिसऱ्या दिवशी एजंटानं कळवलं, 'सर्व टेस्ट पास.' काका जिन्यात उभं राहून दोन मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "झालं काम."

संध्याकाळी काकूंनी ड्यूटीवरून येऊन चार्ट पाहिला. पाचजणी रात्रपाळी संपवून तशाच सकाळपाळीला उभ्या होत्या. काकांनी एजंटाला जाब विचारला. तो म्हणाला, 'ती टेस्ट वारंवार अडथळा आणत होती, म्हणून काढून टाकली. आता सर्व टेस्ट पास आहेत.'

हेडमास्तर हे ऐकून खूश झाले. "आमच्याकडे असाच एक होता," ते म्हणाले, "प्रगतिपुस्तकातलं गणिताचं पानच फाडून घरी दाखवायचा. पुढे मोठा अधिकारी झाला." काकांना यातून दिलासा घ्यावा की नाही ते कळेना.

"एकट्यावर अवलंबून राहू नका," ठेकेदार म्हणाले. "चार लावा. एक भिंत, एक प्लंबिंग, एक रंग, एक सुतारकाम. माझी कामं अशीच उठतात." काकांनी चार एजंट लावले. पण भिंत उठायच्या आधी रंगवाला येत नाही ही गोष्ट ठेकेदारांनी सांगितली नाही, कारण ती सांगायची असते हेच त्यांना माहीत नव्हतं. पहिल्या एजंटानं आठवडा सोमवारी सुरू केला. दुसऱ्याला तो रविवारी सुरू व्हायला हवा होता. त्यानं सोमवार काढून रविवार केला. पहिल्यानं 'चूक आढळली, दुरुस्त केली' असं लिहून पुन्हा सोमवार केला. काका ऑफिसातून परत येईपर्यंत आठवडा एक्केचाळीस वेळा फिरला होता, आणि तिसरा एजंट त्या फिरणाऱ्या आठवड्याचा सुंदर आलेख काढून बसला होता.

याच सुमारास इस्पितळाच्या कार्यालयातून फॉर्म आला. बाहेरचा प्रोग्राम वापरायचा तर अर्ज हवा. 'काम करणाऱ्यांची संख्या' असा एक रकाना होता. काका खोटं लिहिणारे नाहीत. त्यांनी 'चार, अधिक मी' असं लिहिलं. चौथ्या दिवशी कार्यालयाच्या कारकुनानं काकूंना गाठलं आणि पाच प्रवेशपत्रं तयार आहेत, चौघांचे फोटो आणि रक्तगट तेवढे आणून द्या, असं सांगितलं. माणसं नाहीत म्हटल्यावर त्यानं विचारलं, "मग अर्जावर चार कशी?" काकूंनी घरी येऊन हाच प्रश्न काकांना विचारला. काकांनी समजावून सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रजेला वीस दिवस राहिलेत."

हे वाक्य काकांच्या मनात घर करून राहिलं, आणि घाई सुरू झाली. त्या रविवारी काकूंची सुट्टी होती. पण सकाळीच वॉर्डातून फोन आला, कुणाला तरी ताप, आणि काकू डबा घेऊन निघून गेल्या. काका एकटेच. शेवटचा टप्पा उरला होता: तयार झालेला चार्ट प्रत्येक सिस्टरच्या फोनवर काकूंच्या नावानं जायला हवा. काकांनी एजंटाला प्रत्येक नावापुढचा नंबर दिला. एजंट दर दोन मिनिटांनी परवानगी मागायचा. हे करू का? ते करू का? जेवण झालेलं, डोळे जड झालेले. तेवढ्यात एक पर्याय दिसला: 'पुन्हा विचारू नकोस, सगळ्याला हो.' काकांनी तो निवडला आणि पलंगावर जाऊन आडवे झाले.

चार वाजता उठून त्यांनी वाचलं, 'संदेश जातो की नाही हे पाठवून पाहिलं. एकोणीसपैकी एकोणीस जणींना पोचला. शंभर टक्के यश.' काकांनी समाधानानं चहा टाकला. काय पाठवलं, हे बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही. आपण कुणावर इतका विश्वास टाकला आणि त्यानं तो इतका सार्थ केला, की मग तपासणं म्हणजे अपमान, असा त्यांचा स्वभाव.

पाठवला होता तो नमुन्याचा चार्ट, प्रत्येकीला फक्त तिची ओळ. आणि सगळ्या एकोणीस जणींची ओळ एकच होती: मंगळवार, सकाळपाळी.

काकूंना आपला संदेश वाचून काही खटकलं नाही, कारण मंगळवारी सकाळी त्या होत्याच. बाकीच्या अठरा जणींनीही कुणाला विचारलं नाही. अठरा वर्षांत काकूंच्या चार्टवर कुणी शंका काढली नव्हती. बहुधा तपासणी येणार असेल, असं मानून त्या मंगळवारी सकाळी सातच्या ठोक्याला, कडक इस्त्रीत, एकजात हजर झाल्या. चोवीस खाटांच्या वॉर्डात एकोणीस सिस्टर. सात नंबरच्या आजींचा ताप चौघींनी पाहिला. बारा नंबरच्या बाईंची चादर साडेनऊपर्यंत तीनदा बदलली. आजी मेट्रनबाईंना म्हणाल्या, "अशी सेवा माझ्या सुनांनीही केली नाही." मेट्रनबाई हसल्या नाहीत. त्या संध्याकाळचं आणि रात्रीचं बघत होत्या. अठरा जणींपैकी काहींना परत घरी पाठवून रात्रीसाठी बोलावलं, पण संध्याकाळपाळीची एक जागा काही केल्या भरेना. ती काकूंनी भरली. सकाळी सातला गेलेल्या काकू रात्री घरी आल्या.

"मेट्रन म्हणाल्या, पुढचा चार्ट हातानंच करा. रजेचं मग बघू," काकूंनी सांगितलं.

"चूक त्याची आहे," काका म्हणाले. "मी फक्त..."

"त्याला पाठवायची चावी कुणी दिली?"

काकू ओरडल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. त्या नुसत्या खुर्चीत बसल्या, पायातले मोजे काढले, आणि लेकीचा फोन येऊन गेला होता तो परत लावला नाही. काकांना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. मग काकू म्हणाल्या, "उद्या दुपारी दीड वाजता वॉर्डात या. प्रवेशपत्रं पाच आहेत, एक वापरा."

दारावर रखवालदारानं बाकीचे चौघे कुठे असं विचारलं. त्याचं समाधान करण्यात दहा मिनिटं गेली. काका धापा टाकत वॉर्डात पोचले तेव्हा ओव्हर चालू होता. सकाळपाळी जाते आणि संध्याकाळपाळी येते, तेव्हा एकीनं दुसरीला वॉर्ड सोपवायचा, त्याला सिस्टर 'ओव्हर देणं' म्हणतात. खाटेमागून खाट. जाणारी सांगते, काय झालं, काय राहिलं, काय करायचं नाही. येणारी तेच परत म्हणून दाखवते. खाटेच्या पायथ्याशी कागद लटकलेला. एका कागदावर लाल शाईनं फक्त एका औषधाचं नाव आणि पुढे 'देऊ नये'.

"हिला परत का म्हणायला लावता?" काकांनी हळूच विचारलं. "काल हीच होती ना इथे?"

"काल होती. मधे घरी जाऊन आली," काकू म्हणाल्या. "तेवढ्यात पेशंटचं काय झालं, तिला काय माहीत? दारातून आत येणारी कोरी असते असंच धरायचं. म्हणून कागद. आणि कागद एका पानाचा. दोन पानांचा केला की दुसरं पान कुणी वाचत नाही."

काकांना अकरा पानं आठवली.

सात नंबरपाशी जाणारी सिस्टर म्हणाली, "यांना दुपारची गोळी दिली."

"दिली, की घेताना पाहिलीस?" काकूंनी विचारलं.

"ट्रेमध्ये ठेवली होती, सिस्टर. त्या घेते म्हणाल्या."

"मग दिली म्हणू नकोस. पाहिलीस तरच दिली."

गोळी ट्रेमध्येच होती. आजींनी नजर दुसरीकडे वळवली. पुढे औषधांच्या कपाटापाशी दोन सह्या झाल्या, एक काढणारीची आणि एक तपासणारीची. चावी काकूंच्या कमरेला. "शिकाऊ मुली कितीही हुशार असल्या तरी चावी मी देत नाही," काकू म्हणाल्या. "हुशार असतात म्हणूनच." एवढं बोलून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. काका तिथेच उभे राहिले. आपण ज्याला विसराळू, आगाऊ आणि लबाड म्हणत होतो, त्याला आपण एकदाही नीट ओव्हर दिला नव्हता, हे त्यांना कळलं, आणि कान गरम झाले.

घरी येऊन त्यांनी अकरा पानं पुसून टाकली. हेडमास्तर दुखावले. ठेकेदार म्हणाले, "निदान माझं एक तरी ठेवा," आणि काकांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या शेजाऱ्याला नाही म्हटलं. एकच पान लिहिलं: काय झालंय, काय राहिलंय, आणि लाल अक्षरात काय करायचं नाही. टेस्टना हात लावायचा नाही. संदेश पाठवायची चावी काकांकडे. चारांतले दोन एजंट काढले. उरलेल्यातला एक काम करणार आणि दुसरा फक्त तपासणार, स्वतः काही बदलणार नाही. एका वेळी एकच काम. आधी बेत सांगायचा, काकांनी हो म्हटल्यावर हात लावायचा. आणि एजंट 'झालं' म्हणाला की काका स्वतः चालवून पाहायचे. वेळ जास्त लागत होता, पण आठवडा आता सोमवारी सुरू व्हायचा आणि तिथेच थांबायचा.

नियम मात्र अजून काकूंच्या डोक्यातच होते, आणि विचारलं की त्या म्हणायच्या, "नियम कसले, ते आपोआप कळतं." शेवटी काकांनी त्यांच्या पेटीतले तीन वर्षांचे जुने चार्ट काढले, सिस्टरांच्या नावांऐवजी आकडे घातले, आणि एजंटाला सांगितलं, यातून नियम शोध. ठरवू नकोस, मला विचार.

त्यानं विचारायला सुरुवात केली. 'क्रमांक चार आणि क्रमांक अकरा एका पाळीत कधीच नाहीत. हा नियम आहे का?'

"आहे," काकू म्हणाल्या. "बोलत नाहीत त्या एकमेकींशी. सात वर्षं."

"का?"

"का ते चार्टला लागत नाही."

'क्रमांक आठला गुरुवारी संध्याकाळ कधीच नाही.' तिच्या सासूचं डायलिसिस. 'क्रमांक सतरा नवीन असून कधीच एकटी नाही.' तिला रक्त पाहिलं की घेरी येते, पण होईल सवय. असे तेरा नियम निघाले. काकूंनी एकेक ऐकला आणि मान डोलावली. आपण अठरा वर्षं एवढं सगळं सांभाळत होतो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलेलं दिसलं.

चौदावा प्रश्न आला तेव्हा काकू घरी नव्हत्या. सुट्टी होती, पण फोन आला होता.

'छत्तीस महिन्यांत ऐन वेळी दोनशे सोळा जागा रिकाम्या पडल्या,' एजंटानं लिहिलं होतं. 'त्यांतल्या दोनशे अकरा जागा क्रमांक एकने भरल्या. उरलेल्या पाच वेळा क्रमांक एक आधीच ड्यूटीवर होती. हा नियम समजावा का?'

क्रमांक एक कोण, हे काकांना यादी न काढताही माहीत होतं. स्नेहसंमेलनाला लेकीबरोबर आपणच गेलो होतो, सहलीला सोडायलाही आपणच. दर वेळी 'तुझ्या आईला काम फार आवडतं' असं आपण तिला सांगत आलो. दोनशे अकरा. त्यांनी कधी मोजलं नव्हतं, आणि काकूंना एकोणीस जणींचं बघायचं होतं, त्यांना तर एकाच माणसाचं.

एजंटाला उत्तर न देता काकांनी स्वतः फाइल उघडली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा आपल्या हातानं एक ओळ लिहिली: रिकाम्या जागी क्रमांक एकला घालायचं नाही. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा बरोबर आली. तपासणाऱ्या एजंटानं विचारलं, 'या बदलामुळे काही जागा रिकाम्या राहतील. चालेल?' काकांनी लिहिलं, 'चालेल. रिकाम्या दिसू देत.'

रजेला चार दिवस उरले असताना मेट्रनबाईंनी दोघांना खोलीत बोलावलं. एकोणीस सिस्टरांचा तो मंगळवार त्या विसरल्या नव्हत्या. "करून दाखवा," त्या म्हणाल्या. "बुधवारच्या तिघींचे आजारपणाचे अर्ज आत्ताच आलेत. जुळवा."

काकांनी तिघींपुढे खूण केली. चार्ट हलला, जुळला, आणि थांबला. बुधवारच्या संध्याकाळपाळीत एक चौकोन रिकामा राहिला. खाली ओळ आली: 'येथे माणूस नाही. मेट्रनबाईंना विचारावे.'

काकूंचा हात सवयीनं खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. "मी भरते ती."

"भरू नकोस," काका म्हणाले. "तू बुधवारी रजेवर आहेस."

"अठरा वर्षांत यांच्या चार्टमध्ये मी रिकामा चौकोन पाहिला नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "आणि तुमच्या मशीनला एक जागा भरता येईना?"

काकांनी खिशातून एक कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला. चौदावा प्रश्न त्यांनी छापून आणला होता. मेट्रनबाईंनी तो एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि काकूंकडे दिला.

काकूंनी वाचला. "यात नवीन काय आहे?" त्या म्हणाल्या, आणि मग एकदम खिडकीकडे पाहू लागल्या.

मेट्रनबाईंनी फोन उचलून शेजारच्या वॉर्डाला लावला. बुधवारी संध्याकाळी एक सिस्टर हवी. हो. बरं. फोन ठेवला. "दोन मिनिटांचं काम होतं," त्या कुणाकडेही न पाहता म्हणाल्या, आणि रजेच्या अर्जावर सही केली.

निघायच्या दिवशी काकूंनी घराचा ओव्हर दिला. फ्रिजवर एका पानाचा कागद लावला होता: काय झालंय, काय राहिलंय. खाली लाल अक्षरात, 'नळाला स्वतः हात लावू नये. प्लंबरला बोलवावे.' काकांना सगळं परत म्हणून दाखवावं लागलं. झाडांना पाणी ते विसरले, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता, हेडमास्तर जिन्यात उभं राहून ऐकत होते, पण काकूंनी घाई केली नाही.

नवव्या दिवशी दुपारी फोन आला. प्लंबर न्हाणीघरात ठोकाठोकी करत होता. काकांनी एका कानावर हात ठेवला.

"नात झाली," काकू म्हणाल्या.

काकांना सुचलं ते एवढंच. "झाली, की झालेली पाहिलीस?"

पलीकडे काकू हसल्या. पाठोपाठ एक बारीक, रागावलेलं रडणं ऐकू आलं. "हातात आहे माझ्या. लेक बरी आहे. तीही पाहिली."

फोन ठेवून काका फ्रिजपाशी गेले. कागदाच्या तळाशी त्यांनी नीट अक्षरात लिहिलं, 'नात. दुपारी सव्वातीन. पाहिली,' आणि पुढे काकूंचं नाव. मग ते त्या ओळीकडे बघत राहिले. एकीची सही झाली होती. तपासणाऱ्याची जागा रिकामी होती. त्यांनी प्लंबरला चावी शेजारी द्यायला सांगितलं, आणि माळ्यावरून बॅग काढायला स्टूल आणलं.